खुर्च्या घेऊन गेलेले काका

टाकानिनी उपनगरातल्या आमच्या नव्या वसाहतीत घरं महागडी, हिरवळ एकसारखी कापलेली आणि फुटपाथ कायम रिकामे. समोरच्या घरात लेकीकडे राहायला आलेले काका मला अजून आठवतात. संध्याकाळी गॅरेजचं दार वर करून ते रस्त्याकडे तोंड करून बसायचे. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी ठेवलेली. जाणाऱ्या प्रत्येकाला इथला माओरी नमस्कार घालून म्हणायचे, "किया ओरा, बसा!" माझ्याशिवाय कुणी बसत नसे.

एकदा शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याने त्यांच्या लेकीला सुनावलं, की उघडं गॅरेज वसाहतीच्या नियमात बसत नाही. ती बिचारी मान खाली घालून ऐकत राहिली. माझं डोकंच फिरलं.

"काका, आपण सह्या गोळा करू. माणसांनी दारात बसायचंसुद्धा नाही?"

"अगं, आधी चहा पी," काका म्हणाले. मग त्यांनी दार खाली ओढलं, दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि थेट त्या गोऱ्याच्या ड्राइव्हवेवर मांडल्या. "माय गॅरेज क्लोज्ड. नाऊ युअर हाउस. सिट, सिट!"

तो गांगरून बसला. नंतर रोजच बसू लागला. टोमॅटोला पाणी किती घालायचं, यावरून दोघे तावातावाने भांडायचे.

व्हिसा संपला आणि काका नाशिकला परत गेले. दुसऱ्या संध्याकाळी म्हातारा माझ्या दारात आला. ते आजारी आहेत का, म्हणून विचारू लागला. मी खरं ते सांगितलं.

"त्याने मला सांगितलं असेल," तो हळूच म्हणाला. "मला त्याचं निम्मं बोलणं कळतच नसे."