पाय लांब करण्याइतकी जागा

सुट्टीत आम्ही अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलहून समुद्रकाठच्या एका म्युझियमला गेलो होतो. तिथल्या अंगणात, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानने किनारा राखायला बांधलेली एक छोटी पाणबुडी ठेवली आहे. तिच्या पत्र्यावर तळहात टेकवून एक जपानी आजी उभ्या होत्या.

मी जवळ गेलो तशा त्या इंग्रजीत म्हणाल्या, "उंची कमी म्हणून माझ्या भावाला सैन्याने परत पाठवलं होतं. त्या दिवशी आईने दार लावून गोडधोड केलं. मग या पाणबुड्या निघाल्या, आणि त्यांना बुटकीच मुलं हवी होती."

तो सरावाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. लगेचच युद्ध संपलं.

आजींनी पाणबुडीच्या पोटाला पाडलेल्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मला वाकता येत नाही. आत बघून सांगता? पाय लांब करता येत असतील का त्याला?"

मी वाकून पाहिलं. नळ्यांच्या गर्दीत एक बसकं लोखंडी आसन होतं. गुडघे पोटाशी घेतल्याशिवाय तिथे कुणालाच बसता आलं नसतं.

"हो, अगदी आरामात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आईला मीही असंच सांगायचे."