बघायची गोधडी

हरीकाकांच्या हातात कुठलंही कापड आलं की ते आधी दारात जात. कापडाची दोन टोकं चिमटीत धरून ते वाऱ्यावर सोडत आणि डोळे बारीक करून बघत राहत. जुना सदरा असो, लुगड्याचा तुकडा असो, नाहीतर विटलेली चादर. ते कसं फुगतं, कुठे लोंबतं हे पाहिल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुणाच्या तरी जुन्या पोलक्याला असा वारा दाखवत होते. मला हसू आवरेना. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "हसून घ्या बाई," ते म्हणाले, "मंग आत या."

मी तेव्हा तारापूरच्या वसाहतीत राहत होते आणि तिथल्या शाळेत चित्रकला शिकवत होते. हरीकाकांची बायको, जमनाकाकी, आमच्या दारावर सुके बोंबील घेऊन यायची. एकदा टोपली उतरवता उतरवता ती करवादली, "आमचा म्हातारा गोधडी शिवतो आन् कोनाला निजू देत नाय तिच्यावर!" असला माणूस पाहायला मी पुढच्याच रविवारी त्यांच्या वस्तीत गेले.

काका मूळचे शिडं शिवणारे. आसपासच्या गावांतल्या किती होड्या त्यांच्या टाक्यांवर समुद्रात गेल्या असतील कोण जाणे. तळहातावर चामड्याचा तुकडा बांधायचा, दोऱ्याला मेण लावायचं आणि जाड दाभणाने शीड शिवायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. पुढे होड्यांना इंजिनं आली. शिडं गुंडाळून माळ्यावर गेली, काही बोंबलांवर झाकायला निघाली. काकांचे हात रिकामे झाले. त्याच सुमारास त्यांचा एकुलता एक मुलगा वसंत दुसऱ्याच्या होडीवर गेला आणि वादळात ती उलटली. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले. वसंत लागला नाही, आणि त्याचं प्रेतही कधी मिळालं नाही.

त्यानंतर काकांनी माळ्यावरचं एक शीड खाली काढलं आणि त्यावर समुद्र शिवायला घेतला. वस्तीतल्या निळ्या लुगड्यांचं खोल पाणी झालं. वसाहतीत कामाला जाणाऱ्यांच्या खाकी कपड्यांची किनाऱ्यावरची वाळू, पुळण झाली. एका म्हातारीचं धुऊन धुऊन पांढरं पडलेलं पातळ फेसाच्या जागी गेलं. आमच्याकडे आया-बाया गोधडीला सरळ ओळीत धावदोरा घालतात. काकांचे टाके भरती-ओहोटीच्या ओढीप्रमाणे वळत, मध्येच विरळ होत, खडकापाशी दाट होत. मी कॉलेजात बरीच चित्रं पाहिली होती, पण असं एकही पाहिलं नव्हतं, हे मी सरळ सांगते.

त्या गोधडीत मध्यभागाच्या थोडी वर एक जागा मात्र कोरी होती. नुसतं शिडाचं मळकट कापड. मी आपली शाळेतली बाईगिरी दाखवत म्हटलं, "काका, इथे काहीतरी हवं."

"हवंच हाय. जागा ठेवलीय," काका म्हणाले. आतून भांडं जोरात आदळल्याचा आवाज आला.

आतल्या खोलीत खुंटीला वसंतचा पिवळा सदरा होता, हे मला नंतर कळलं. काकी दर नारळी पौर्णिमेच्या आधी तो धुवायची, वाळवायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. भावकी तिला सांगून थकली होती की दर्भाचा पुतळा करून पोराचं क्रियाकर्म उरकून घ्या. "मी त्याला मेलेला बगितला नाय," एवढंच ती म्हणायची. वस्तीतल्या गेलेल्या माणसांचे कपडेही त्या गोधडीत होते. त्यामुळे त्या कोऱ्या जागेसाठी सदरा देणं म्हणजे पोरगा गेला असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं, असं तिला वाटे.

"तुम्ही मागत का नाही?" मी एकदा काकांना विचारलं.

"कापड मागून आनायचं नसतं, बाई. त्याला यायचं तवा येतं." त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि विषय संपवला.

पालघरला हस्तकलेचं एक प्रदर्शन भरलं तेव्हा मी हट्टाने ती गोधडी तिकडे न्यायला लावली. एसटीत काका ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. तिथल्या लोकांनी गोधडी घडी करून 'महिलांच्या गृहोपयोगी वस्तू'च्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मी भांडायला निघाले होते. काकांनी मला थांबवलं, एकेक बरणी अलगद बाजूला ठेवली, बाहेरून एक बांबू पैदा केला आणि खिडकीत गोधडी तिरपी बांधली, होडीवर शीड बांधतात तशी. येणारे-जाणारे मान वाकडी करून बघू लागले. मग खिडकीतून वारा आला, गोधडी फुगली, आणि तो समुद्र हलला.

एका गृहस्थांनी कड उचलून विचारलं, "थंडीला पुरेल का हो ही?"

"अंगावर घ्यायची नाय ती. बगायची."

"नुसतं बघून काय होणार?"

"समुद्र बगून काय होतं?" काका म्हणाले. गृहस्थांनी कड सोडली, पण बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही. "पुरी झाली नाय तर कसलं बक्षीस," म्हणत काकांनी ती पुन्हा गुंडाळली.

पुढे एका हिवाळ्यात काकांना ताप भरला. मी भेटायला गेले तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते. घरातली पांघरुणं पुरेनात, म्हणून काकीने ती गोधडी आणली आणि त्यांच्या अंगावर टाकू लागली. काकांनी हात वर करून तिला अडवलं. "नको. अजून पुरी नाय." काकी गोधडी हातात धरून तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्या कोऱ्या जागेकडे कधी पाहिलंच नसावं. तेव्हा पाहिलं. मग तिने गोधडी नीट गुंडाळून ठेवली आणि पेटीतलं स्वतःचं लुगडं काढून त्यांच्यावर घातलं. काका त्या दुखण्यातून उठले नाहीत.

दहाव्याला भावकीने पुन्हा तोच विषय काढला, की बाप-लेकाचं एकदमच करून टाकू. "म्हाताऱ्याचं करा," काकी म्हणाली आणि आत निघून गेली. आता ती जागा कायमचीच कोरी राहणार, असं मला वाटलं. मला काकांसाठी फार वाईट वाटत होतं, आणि काकीवर रागावण्याची हिंमतही होत नव्हती.

काही दिवसांनी मी पुन्हा गेले. दारात, समुद्राकडे तोंड करून, गोधडी शिडासारखी तिरपी बांधलेली होती. आत खुंटी रिकामी होती. पिवळा सदरा कोऱ्या जागेवर आला होता. काकीने तो कापला नव्हता. अख्खाच्या अख्खा लावला होता. गळ्यापाशी, खांद्यांपाशी, खालच्या कडेला जाडजूड, वेडेवाकडे टाके. बाह्या मात्र तशाच सुट्या लोंबत होत्या.

मी जवळ बसले. म्हटलं, "काकी, बाह्या राहिल्या शिवायच्या. द्या, मी शिवते."

समुद्रावरून वारा आला. गोधडी फुगली आणि त्या दोन पिवळ्या बाह्या पाण्यावर वर-खाली होऊ लागल्या. काकी त्यांच्याकडे बघत होती.

"राहिल्या नाय, बाई. सोडल्यात," ती म्हणाली. "हात बांधलं तर तो पोवंल कसा?"