फुईच्या थोरल्या-धाकल्या

फुईने आपल्या गुडघ्यांना सुना मानले होते. उजवा गुडघा थोरली, डावा धाकली. खऱ्या सुना तिला नव्हत्या. माझ्या वडिलांची ही बहीण लहानपणीच विधवा झालेली. प्रकाशा गावात, तापीच्या काठावर तिचे दोन खोल्यांचे घर होते. आभाळ भरून आले की उंबऱ्यावर पाय पसरून ती सांगे, "आज थोरली रुसनी शे. तिले देखीसन धाकली बी रुसी." मग गुडघ्यावर थाप मारून उठे. "चाल वं थोरली, नदी वाट देखी ऱ्हायनी."

मीठ ओलावले की गुडघे सुजणार, हा तिचा सिद्धान्त. तो बहुधा खरा ठरे. पण कधी मडक्यात मीठ ओलेगच्च आणि फुई खुशाल घाटावर. कोणी त्यावर बोट ठेवले, तर म्हणे, "सून शे ती. मनमा वनं का रुसस."

शेकायला तिच्याजवळ तापीच्या रेतीची पुरचुंडी असे. तव्यावर तापवलेली ती रेती गुडघ्यावर ठेवून ती हसे. "नदी बी सूनच शे. जी भांडस, तीच पाय दाबस."

एका पावसाळ्यात तिला घाटाच्या पायऱ्या उतरवेनात. वैद्यबुवांनी बजावले, नदीची दमट हवा सोडा, नाहीतर अंथरूण धराल. "बुवा, तुम्हीच नदीले सांगा, ती सरकी जाई," असे ती म्हणाली खरी; पण पाय गेले तर दुसऱ्याच्या हाताने जगावे लागेल, याची तिला धास्ती होती. मी नंदुरबारला मास्तर होतो. घर उंचावर, कोरडे. दिवाळीनंतर नावेने तापी ओलांडून, पुढे बैलगाडीने मी तिला घेऊन आलो.

प्रथम सारे ठीक चालले. फुई विहिरीपर्यंत जाऊ लागली. मग पौषातला वारा सुटला. हवा ठणठणीत कोरडी, मीठ खडखडीत, आणि थोरली अशी आखडली की फुई भिंत धरून उठली. तशीच ती मडक्यापाशी गेली. चिमूटभर मीठ बोटांत चोळून पाहिले.

"नदीवर फुकटना आळ घाला आपन," ती म्हणाली. "नदी तठेच ऱ्हायनी, दुखनं मन्हासंगे वनं. भाऊ, माले घर लई चाल."

"आणि तिथला ओलावा?"

"वली हवा बी दुखाडस, सुकी थंडी बी दुखाडस. मंग मन्हा घरमाच दुखू दे."

मी तिला परत पोचवले. पुढचे पावसाळे तिला जड गेले, पण चालणे तिने सोडले नाही. थांबली की सांधा धरतो, हे तिला कळले होते. काठी टेकत, थोरलीला दटावत ती रोज नदीवर जाई. श्रावणातल्या एका भिजक्या सकाळी ती घाटावरून आली, उंबऱ्यावर बसली, ती उठली नाही. अंथरूण तिने धरलेच नाही.

अस्थी तापीत सोडल्या, तेव्हा शेजारणीने चुलीजवळची पुरचुंडी आणून दिली आणि म्हणाली, हीही नदीचीच, देऊन टाका. मी दिली नाही. आता माझाही उजवा गुडघा कुरकुरतो. आभाळ आले की रेती तापवतो, शेकतो आणि, "चाल वं थोरली," म्हणत उठतो.