तरस कोणत्या कुशीवर निजतो

आपांना पत्ता विचारला की माणूस हमखास चुकायचा. "हिरवा दरवाजा दिसला की त्याच्या डाव्या हाताला माझा जिना," असं त्या सांगायच्या. माणूस बिचारा हिरव्या दरवाज्यासमोर उभा राहायचा, डावीकडे वळायचा आणि जिना चढून थेट शेजारच्या शिंप्याच्या घरात जायचा. पहिल्यांदा मीही गेलो. शिंप्याच्या बायकोने मला काही विचारलंच नाही, "आपाकडं ना? पलीकडच्या जिन्यानं जा," म्हणाली आणि पुन्हा हातातल्या सदऱ्याची काजं करायला लागली. मी तणतणत पलीकडचा जिना चढलो. आपा शांतपणे म्हणाल्या, "दरवाजा रस्त्याकडं तोंड करून उभाय. मग त्याची डावी कोणती झाली? मी दरवाजाची डावी सांगितली. तुमची कुठं सांगितली?"

उर्दू शाळेत सगळा जन्म भूगोल शिकवलेल्या बाईशी दिशांवरून वाद घालायची माझी छाती नव्हती. पण ही त्यांची नुसती खोड नव्हती, हे मला पुढे कळलं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या जागी जाऊन उभं राहायचं, मग तो माणूस असो, दरवाजा असो की पिंजऱ्यातलं जनावर, अशी त्यांची रीतच होती. आणि निवृत्तीनंतर शहरातल्या प्राणिसंग्रहालयात दर रविवारी त्या जो कोड्यांचा खेळ घ्यायच्या, तो सगळा या एका रीतीवर उभा होता.

माझी क्रांती चौकाजवळ छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. आपा पहिल्यांदा आल्या त्या या खेळाची कार्डं छापून घ्यायला. मी हौसेने कामाला लागलो. चकचकीत कागद, चार रंग, कोपऱ्यात आयाळवाला सिंह, मागे हिरवंगार जंगल. नमुना हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला. "प्रेसवाले, ये क्या शादी का रुक्का है? कार्ड इतकं देखणं केलं तर पोरं कार्डच बघत बसतील. जनावराकडं कोण बघणार?" शेवटी पिवळ्या कागदावर काळ्या शाईत कार्डं छापली. इतकं रुखंसुखं काम माझ्या प्रेसमधून कधी बाहेर गेलं नव्हतं. ते नेताना त्या म्हणाल्या, "रविवारी येऊन बघा, म्हणजे राग जाईल." मी राग घेऊनच गेलो आणि तिथेच अडकलो. त्यानंतर आपांच्या तोंडून माझं नाव कधी आलं नाही. मी कायमचा प्रेसवाला झालो.

खेळ साधा होता. पोरांच्या टोळ्या करायच्या, प्रत्येक टोळीला एक कार्ड द्यायचं. कार्डावर एका जनावराबद्दल प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर पुढची वाट बरोबर सापडणार, आणि त्या वाटेच्या शेवटी आम्हा मदतीला आलेल्यांपैकी कुणीतरी पुढचं कार्ड घेऊन बसलेलं असणार. उत्तर चुकलं की टोळी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पोचायची. तिथे कुणीच नसायचं, मग पोरं खिदळत परत यायची. सगळ्यांना लिंबाखाली बसवून आपा शेवटचा प्रश्न तोंडी विचारायच्या. "हा तरस आपल्याच डोंगरात राहायचा, दौलताबादच्या बाजूला. आता त्याच्या घरी कोण राहतं?" पोरं खरं बोलतात. "प्लॉटिंग झालंय तिथं," एकजण म्हणायचा. "आमच्या मामाचा प्लॉट हाय," दुसरा म्हणायचा. आपा त्यावर भाषण देत नसत. "मग मामाला सांग, तुमच्या आधीचा मालक इथं बसलाय, म्हणावं. एकदा भेटून जा," एवढंच.

त्यांचा खरा छळ पालक करायचे. पुंडलिकनगरचे एक गृहस्थ दर वेळी मुलीच्या मागे मागे यायचे आणि तिच्या कानात उत्तरं सांगायचे. फोनवर शोधून. एकदा ते आपांनाच म्हणाले, "मॅडम, काहीतरी हिंट द्या ना, लई अवघड काढता तुम्ही." आपांनी त्यांना बाकावर बसवलं, पिशवीतल्या डब्यातला चिवडा पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊ, उत्तर पिंजऱ्यात बसलंय. मेरेकु नक्को पूछो. आणि फोनला तर बिलकुल नक्को, तो कधी इथं आला नाही." गृहस्थ चिवडा खात बसले. पुढच्या रविवारपासून ते आपणहून बाकावर बसायला लागले, चिवड्यासाठी असेल.

सगळ्या जनावरांत आपांचा जीव त्या म्हाताऱ्या तरसावर होता. वाघापुढे गर्दी मावायची नाही आणि तरसाच्या पिंजऱ्यावरून लोक नाक मुरडत पुढे जायचे. दिसायला ओबडधोबड, वास मारणारा, त्यातून दिवसभर झोपलेला. आमच्या गावाकडेही त्याचं नाव कुणी चांगल्या तोंडाने घेत नाही. आपांनी त्याच्यावर सगळ्यात सोपं कोडं केलं होतं. 'हा कोणत्या कुशीवर निजलाय? डाव्या असेल तर मगरीच्या तळ्याकडे जा, उजव्या असेल तर टाकीकडे.' आता यात कोडं ते काय? पण निम्मी पोरं इथेच गळायची, कारण ती आपली डावी धरायची. मग आपा म्हणायच्या, "तुझी डावी नाही रे, त्याची डावी. त्याच्या जागी निजून बघ." पोरं खरोखर फरशीवर आडवी व्हायची, आया हाका मारायच्या, कपडे मळायचे. तरस मात्र सदा डाव्या कुशीवरच असायचा. मी तळ्याकाठी कार्डं घेऊन बसायचो, आणि त्याच्या भरवशावर टोळ्या माझ्याकडे यायच्या.

एका रविवारी माझ्याकडे कुणी आलंच नाही. मी आपला मगरीकडे बघतोय, मगर माझ्याकडे. शेवटी कंटाळून उठलो तर टाकीपाशी ही गर्दी. सगळ्या टोळ्या तिथेच, पालक वैतागलेले, पोरं एकमेकांवर ओरडतायत. आमच्यातल्या एका शिक्षकाला वाटलं, पोरांनी एकमेकांचं बघून उत्तर धरलं. तो सगळ्यांना परत पाठवायला निघाला. आपांनी मात्र जवळच्या मुलीला विचारलं, "त्याची डावी धरली होती ना?" ती म्हणाली, "हो, मी निजून बघितलं." आपा तडक तरसाच्या पिंजऱ्याकडे चालू लागल्या. त्या वयात त्यांना इतकं भराभर चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तरस उजव्या कुशीवर पडला होता. डावा खांदा वर, आणि खांद्याखाली सूज. आपांनी शेषरावांना हाक मारली. शेषराव म्हणजे तिथले जनावरं सांभाळणारे. त्यांनी पाहिलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. आत गळू झालं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. दोनेक आठवड्यांत तरस पुन्हा डाव्या कुशीवर आला आणि टोळ्या माझ्या तळ्याकडे यायला लागल्या. त्या दिवशी आपांनी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. तेव्हापासून बाकीची कोडी बदलली तरी तरसाचं कोडं त्यांनी बदललं नाही. मी एकदा म्हटलं, "आपा, पोरांना पाठ झालंय आता ते." त्या म्हणाल्या, "होऊ दे. जनावर दुखणं लपवतं, प्रेसवाले. हा सवाल म्हणजे त्याची नाडी आहे. दर इतवारी इतकी पोरं त्याची नाडी बघतात."

मग प्राणिसंग्रहालयाने एक कंपनी आणली. खेळ आता मोबाईलवर होणार होता. पिंजऱ्यासमोर पाटी, पाटीवर ठिपक्यांचा चौकोन, तो फोनने टिपला की प्रश्न आणि चार पर्याय. वाघासोबत फोटो, बक्षीस म्हणून टोपी. कंपनीची माणसं वाईट नव्हती, सगळी तरुण, उत्साही आणि गोड बोलणारी होती. त्यांनी तरस वगळला, कारण तो झोपलेला असतो आणि फोटो चांगला येत नाही. आपांनी ऑफिसात जाऊन समजावलं, मग भांडण केलं. मी सोबत होतो. टेबलापलीकडचे प्राणिसंग्रहालयाचे साहेब नम्रपणे म्हणत होते, "आपा, तुम्ही मार्गदर्शक म्हणून राहा ना." आपा उठल्या. "जब तक मेरे तरस को खेल में वापस नै लेते, मैं फाटक के अंदर पैर नै रखती," म्हणाल्या आणि निघाल्या. फाटकापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, चार दिवसांचा राग असेल. पण आपांचा राग म्हणजे आपांचाच. रविवारी मी जिना चढून जायचो, म्हणायचो, "खेळ नका घेऊ, नुसतं बघून तरी येऊ." त्या म्हणायच्या, "नक्को. बुलाने दो." कुणी बोलावलं नाही. पावसाळा गेला, थंडी आली. नव्या खेळाला गर्दी चांगली व्हायची, असं ऐकत होतो. माझ्या प्रेसमधले पिवळ्या कागदाचे गठ्ठे तसेच पडून राहिले.

तरस गेल्याचा फोन मला शेषरावांनी केला. मी आपांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती ओढणी सारखी केली आणि पायात चपला घातल्या. फाटकावर त्यांनी रांगेत उभं राहून तिकीट काढलं. पहारेकरी ओळखीचा, "आपा, तुम्हाला कशाला तिकीट?" म्हणाला, तरी काढलं. रिकाम्या पिंजऱ्यापाशी शेषराव उभे होते. त्यांना राहवेना. "आपा, लई दिस उजव्या कुशीवरच पडून व्हता बघा. आमाला वाटलं, थंडी हाय, तिकडून ऊन येतंय, म्हणून निजला असंल." त्यात खोटं काहीच नव्हतं. ऊन तिकडूनच यायचं.

आपा पिंजऱ्याच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "कंपनीवाल्यांनी तो सवाल काढला नसता तर..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "सवाल त्यांनी काढला. मैं तो आ सकती थी ना? मी रुसले होते, प्रेसवाले. जनावराला काय माहीत, बाहेर कोण कुणावर रुसलंय?" इतकं बोलून त्या तिथल्या फरशीवर बसल्या, पोरं बसायची तशाच. मला त्यांच्याजवळ बसायचं सुचलं नाही. मी आपला त्यांची पिशवी धरून उभा राहिलो.

त्यानंतर आपांनी खेळ घेतला नाही. कंपनीही पुढे दुसऱ्या शहरात गेली आणि पाट्यांचा रंग उडाला. मग पडेगावच्या पुढे प्राणिसंग्रहालयाची मोकळी, मोठी जागा झाली, जनावरं तिकडे हलवायला लागले, आणि आम्ही जुने चार जण पुन्हा जमलो. म्हटलं, पिवळी कार्डं काढू या. तिथे एक तरुण तरस मादी आली होती. हे सांगायला मी आपांकडे गेलो. तेव्हा त्या पलंगाला खिळल्या होत्या, बोलायलाही दम लागायचा. पण तरस म्हटल्यावर त्यांनी मान वळवली. "कोणत्या कुशीवर निजते?"

मी पुढच्या रविवारी बघून आलो आणि सांगितलं, "उजव्या." आपांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती वेळा बघितलं?" एकदाच, म्हटलं. "एका इतवारचं बघणं म्हणजे अफवा. अजून बघ." त्या मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होत्या. मला ते फार आवडलं. मग मी जात राहिलो. पण ही बया कसली दिसते? मातीत खड्डा करून आत लपायची, कधी नुसते कान दिसायचे. एकदा दिसली तर बसलेली होती. एकदा उजव्या कुशीवर आणि थोड्या वेळाने डाव्या. खात्री झाल्याशिवाय आपांसमोर जायचं कसं? त्यांनी हाकललं असतं. म्हणून मी गेलो नाही. प्रेस माझ्या पोरीवर सोपवून रविवारच्या रविवारी कुंपणापाशी जाऊन उभा राहायचो, आणि तिची डावी मनातल्या मनात ताडून बघायचो.

खात्री झाली त्या दिवशी मी तिथूनच निघालो. फोन केला नाही, समोर बसून सगळं सांगायचं होतं. हिरव्या दरवाज्याच्या डाव्या हाताचा जिना न चुकता चढलो. आपांच्या सुनेने दार उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "भाऊ, तुम्हाला निरोप नाही मिळाला का? जुम्म्याला गेल्या." मग मला आत बसवून तिने चहा केला. कप पुढे ठेवताना ती म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होत्या, प्रेसवाला आला का. मी म्हटलं, येतील. तर म्हणाल्या, त्याला घाई नक्को करू, तो बघतोय."

आपांच्या रीतीनेच वागलो आणि त्यांच्याच दारात उशिरा पोचलो, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणखी एका रविवारची अफवाच सांगून टाकली असती, चूक तर चूक, निदान त्या माझ्यावर चिडल्या तरी असत्या.

पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. सून आत गेल्यावर मी त्या रिकाम्या पलंगाकडे वळून बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. डाव्या कुशीवर निजते, आपा. तिच्या डाव्या.