बैलाचं नाव होतं, तिचं नव्हतं

संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. ती भराभर सोलायची. मी चार दाणे ताटात टाकायचो, दोन तोंडात. ती म्हणाली, उद्या भाजीत तुमची मिशी शिजवते.

सून पायरीवर मोबाईलवर वाचत होती. ती एम.ए. करते, इतिहासात. मी चौथी शिकलोय, त्यामुळं आमच्या घरात शिक्षण बाहेरून आलंय, लग्न होऊन. बायको तिला म्हणाली, मनातल्या मनात काय वाचतीस, आमाला पण सांग.

दीडशे वर्षांपूर्वीचा कोणी इंग्लंडातला जमीनदार होता, त्याचं चरित्र निघालं. गावंच्या गावं त्याच्या मालकीची. बाप पार्लमेंटात होता, मग हा गेला, मग ह्याचा पोरगा. कुळं तो सांगेल तिथं मत द्यायची. आगगाडी आपल्या रानातून जाऊ देणार नाही म्हणून आधी भांडला, आणि नंतर स्वतःच स्टेशन मागून घेतलं. मला माणूस ओळखीचा वाटला. माझा बाप गावचा पाटील, मी सरपंच होतो, आता पोरगा झेडपीच्या तयारीत. चाकणच्या कंपन्यांना जमीन द्यायची नाही म्हणून मोर्चा मी काढला, आणि कंपनीच्या गेटपर्यंत डांबरी रस्ताही मीच करून घेतला. त्यात मला काही वावगं वाटत नाही. गावाचं राजकारण असंच चालतं.

"ह्यो तर तुमचाच भाऊ निघाला," बायको म्हणाली. "बायकू व्हती का त्याला?"

होती, सून म्हणाली. कुण्या शेजारच्या जमीनदाराची थोरली मुलगी. सात मुलं झाली. मतदार घरी आले की त्यांची जेवणं तीच बघायची.

"नाव काय तिचं?"

सुनेनं बोटानं पान वर-खाली केलं. नाव दिलेलं नव्हतं. फक्त बापाचं होतं.

"आन् घोडा व्हता का त्याच्याकडं?"

शर्यतीचा घोडा होता. त्याचं नाव दिलेलं होतं.

बायको इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. आमचाही बैल बैलगाडा शर्यतीत धावतो. त्याचं नाव आमच्या फाटकावर, जीपच्या काचेवर, पोराच्या टी-शर्टावर. हसू आवरल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले.

"माझंबी तसंच व्हायचं," ती म्हणाली. "बैलाचं नाव ऱ्हाईल. मला समदी काकीच म्हणत्यात."

मी म्हणालो, तुझं नाव मला ठाऊक आहे. ती म्हणाली, ठाऊक असून उपेग काय, कधी तोंडातून काढलंय का. ते खरं होतं. आमच्याकडं नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायची रीत नाही. मी तिला अगं म्हणायचो, ती मला अहो. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

पावटा पातेल्यात ठेवून ती झोपली. पहाटे मी हाक मारली, उठली नाही. डॉक्टर म्हणाला झोपेतच गेली.

सरपंचाच्या घरातली माणसं जातात तेव्हा रडायला जागा मिळत नाही. पोराचे कार्यकर्ते सकाळीच आले, खुर्च्या आल्या, मांडव आला. दुपारी तिला खांद्यावर घेऊन चौकातून निघालो तेव्हा फ्लेक्स लागलेला होता. भला मोठा. वर पोराच्या पक्षातल्या साहेबांचा फोटो, खाली पोराचा हात जोडलेला. माजी सरपंच यांच्या धर्मपत्नी. युवा नेते यांच्या मातोश्री. आमची दोघांची नावं ठळक. दशक्रियेला भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांची नावं. खाली शोकाकुल म्हणून आमची बैलगाडा संघटना, बैलाच्या नावानं. मधे तिचा फोटो, आणि फोटोखाली 'आई'. बस.

पोराचं चुकलं असं मी म्हणत नाही. घाईत मजकूर त्यानं फोनवर सांगितला आणि आईला तो आईच म्हणतो. खांद्यावर ती असताना मी चौकात तोंड उघडलं नाही. नदीवर जाऊन सगळं नीट केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी गोठ्यात गेलो. बैलाची शिंगं रंगवायचा लाल ऑइलपेंट अर्धा डबा शिल्लक होता. डबा, ब्रश आणि शिडी घेऊन चौकात गेलो. कंपनीची पहिल्या शिफ्टची बस थांबली होती, माणसं खिडकीतून बघत होती. बघू देत म्हटलं. शिडीवर चढलो, 'आई'च्या खाली जागा पुरेना, म्हणून पोराच्या जोडलेल्या हातांवरून लिहायला घेतलं.

पोरगा धावत आला. आप्पा, उतरा, साहेब दहाव्याला येणार आहेत, काय म्हणतील, असं बरंच बोलला.

"वाचत्याल," मी म्हणालो. "शिडी धर."

त्यानं धरली.

चौथीतलं अक्षर माझं. पहिलं अक्षर मोठं झालं, शेवटचं तिरपं गेलं. मग आडनाव. उतरलो तेव्हा डेअरीवाला कॅन घेऊन उभा होता. रोज आमच्या दारातून दूध घेऊन जाणारा माणूस, तिच्या हातचा चहा पिऊन. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, "ह्या कोण, आप्पा?"

"तुझी काकी," मी म्हणालो. आणि नाव घेतलं, पहिल्यांदा, चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.