निकालाच्या दिवशीची पोटदुखी

टेलिफोन कंपनीच्या तक्रार खोलीत बसणाऱ्या या बाईला सगळे ताई म्हणतात. तिचा आवाजच असा, की शिव्या घालायला फोन केलेला माणूसही शेवटी "बरं ताई" म्हणून ठेवून देतो. नवरा त्याच कंपनीत, टॉवर दुरुस्तीवर. त्याने बिघडलेलं जोडायचं आणि तोवर हिने लोकांची समजूत काढायची, असा दोघांचा जोडीने चाललेला संसार.

त्यांची धाकटी लेक आता परगावी नोकरीला आहे. शाळेत असताना निकालाच्या दिवशी हटकून तिचं पोट दुखायचं. बाप बिचारा औषधासाठी धावायचा, आणि हा येईतो पोट ठणठणीत! तेव्हापासून घरात कुणीही सोंग घेतलं की हे दोघं म्हणतात, "धाकटीचं पोट दुखतंय."

देशाच्या निवडणुकीची मतमोजणी होती, त्या सकाळी वरून हुकूम आला. निकाल लागेपर्यंत इंटरनेट बंद. फोनवर बोलता येईल, पण बातमी नाही, फोटो नाही, काही नाही. का, ते विचारायची सोय नव्हती. साहेबांनी खोलीत येऊन बजावलं, "सगळ्यांना तांत्रिक बिघाड म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही. सगळं रेकॉर्ड होतंय. ज्याला जमणार नसेल त्याने आत्ताच पिशवी उचलावी." सगळ्यांचे मोबाइल रोजच्यासारखे कपाटात कुलूपबंद होते.

एवढ्या मोठ्या देशात सगळीकडे एकाच सकाळी बिघाड व्हावा आणि लोकांनी तो गपगुमान ऐकून घ्यावा! कोण ऐकतो? तरी ताई दुपारपर्यंत "तसदीबद्दल क्षमस्व" म्हणत राहिली. मग एका म्हातारीचा फोन आला.

"अगं बाई, बिघाड होऊ दे दुरुस्त सावकाश. पण तुमच्या त्या मेकॅनिकला आवरा. दोनदा टॉवरवर चढून उतरला. आता गुडघा धरून माझ्या पायरीवर बसलाय. वारा हा असा सुटलाय, आणि म्हणतो, पुन्हा चढतो."

ताईने ओळखलं. गुडघा धरून बसणारा मेकॅनिक त्या भागात एकच, तिचा नवरा. वरच्या हुकमाचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लोकांना गेला तोच बिघाडाचा मेसेज त्यालाही गेला होता, आणि बिघाड म्हटला की तो आपलाच, असा याचा स्वभाव.

"आजी, त्यांना फोन द्या जरा."

"अगं, तू?" नवऱ्याचा आवाज दमलेला होता. "काही सापडत नाहीये गं. सगळे जोड तपासले, केबल बदलली. माझ्याच हातून काहीतरी राहिलंय. हात म्हातारे झाले बहुतेक. वरचं एकदा पुन्हा बघतो."

ताईला भडभडून आलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे बिघाड निस्तरलेले हात ते! खोटं बोलायचं एकाने आणि शरमेने मान खाली घालायची याने, याचा तिला मनस्वी संताप आला. समोर साहेब उभेच होते.

"सर, तांत्रिक बिघाड आहे," ती फोनमध्ये ठरलेल्या आवाजात म्हणाली. मग तिने घसा खाकरला. "आणि अहो, आज निकाल ना. धाकटीचं पोट दुखतंय."

 पलीकडे तो हळूच हसला.

"फार दुखतंय?"

"सगळीकडेच."

"मग औषध नको." त्याने मोठा श्वास सोडला. "सामान आवरतो. आजी कधीच्या चहा घे म्हणतायत, तो घेतो."

ताईने पदराने डोळे पुसले आणि पुढचा फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं होतं.

"कामावर घरचं बोलायचं नाही, माहीत आहे ना?"

"चुकलं, साहेब."

"लेक बरी आहे?"

आता पिशवी उचलावी लागली तरी चालेल, असं वाटून ताई म्हणाली, "तिला काही झालंच नव्हतं, साहेब."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

"ते कळलं मला," ते म्हणाले. "गुडघा कसा आहे त्यांचा?"