उजीबेनचं फटाणं

राजकोट जिल्ह्यातल्या उपलेट्यात मी एकोणतीस वर्षं शेंगतेलाच्या मिलमध्ये हिशेबनीस आहे आणि त्यातली सव्वीस वर्षं उजीबेन सोजीत्रांच्या समोरच्या घरात राहतो. त्यांचं वय आता साठीच्या आसपास. नवरा लवकर गेला. दिवसा त्या शेंगदाण्याच्या शेडमध्ये दाणे निवडतात. पण गावात त्यांची ओळख दाण्यांमुळे नाही, फटाण्यांमुळे आहे.

लग्नात वराकडची मंडळी मांडवाच्या दाराशी आली की वधूकडच्या बायका त्यांना गाण्यातून टोमणे मारतात, त्याला इथे फटाणं म्हणतात. वेवाई, म्हणजे व्याही, कितीही मोठा असो, दारात उभं राहून सगळं ऐकून घ्यायचं आणि हसत राहायचं. गाणं मधे थांबवायला सांगणारा वेवाई हलका ठरतो. गाणाऱ्या बायका कोण असाव्यात हेही वधूपक्षच ठरवतो. उजीबेन प्रत्येक लग्नाला नवं फटाणं जुळवत. आदल्या दिवशी वेवाईच्या गावाची, धंद्याची, ढेरीची चौकशी करत आणि दुसऱ्या दिवशी त्याला मांडवात सोलून ठेवत. शिवाय त्यांची स्वतः रचलेली चाळीसेक लग्नगीतं होती. त्यातलं हस्तमेळापाचं, वधूवरांचे हात एकमेकांच्या हाती देतानाचं, त्यांनी मुलगी शारदा हिच्या लग्नात रचलं होतं. ते गाताना त्यांनी कधी फटाण्यासारखा आवाज चढवला नाही.

तीन वर्षांपूर्वी लाभपाचमेला राजकोटच्या ‘लगनसूर’ या लग्नगीतांच्या ॲपचा मेहुल नावाचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात आला. ही पंचमी म्हणजे दिवाळीनंतर दुकानं पुन्हा उघडायचा दिवस. त्या दिवशी दारी आलेल्या पहिल्या कामाला इथला माणूस नाही म्हणत नाही. नाही म्हटलं की वर्षभराचा लाभ दारातून परत गेला असं मानतात. मेहुल याच मातीतला होता, त्याने दिवस मोजूनमापून निवडला असणार. उजीबेननी त्याच्या फोनला कुंकवाचा टिळा लावला आणि तो दाखवेल तिथे बोट ठेवलं. पुढच्या आठवडाभरात त्यांची सगळी गाणी त्या फोनमध्ये भरली गेली आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवरही ते ॲप बसलं. त्यांना आनंदच झाला होता. लेस्टरला दिलेली शारदा आता कधीही आईचं गाणं ऐकू शकेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दीड वर्ष सगळं ठीक चाललं. नंतरच्या वैशाखात भायावदरला एका लग्नात त्या गात होत्या. सुरतेतले आणि परदेशातले नातेवाईक फोनवर लग्न बघत होते. उजीबेननी सूर लावला आणि तिकडे आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी लग्नाची अख्खी चित्रफीत काढून टाकल्याची नोटीस घरवाल्यांना आली: या गीतांचे हक्क दुसऱ्याकडे आहेत. वधूचा काका उजीबेनच्या दारात येऊन ओरडून गेला की तुम्ही कोणाची तरी गाणी चोरून गाता आणि आमच्या मुलीचं लग्न मुकं करून टाकता. मग व्हिडिओवाल्यानेच गावभर सांगायला सुरुवात केली, उजीबेन गाणार असतील तर माझी जबाबदारी नाही. ज्येष्ठ संपता संपता बोलावणी बंद झाली.

याहून वाईट पुढे होतं. मार्गशीर्षात गल्लीतल्याच एका लग्नाला त्या पाहुण्या म्हणून गेल्या, तेव्हा भोंग्यावर त्यांचंच फटाणं लागलं. घरवाल्यांनी ते ॲपवरून लावलं होतं. गाण्यात वेवाईचं नाव वल्लभभाई आणि त्याच्या टकलाची थट्टा, आणि दारात उभे मनसुखभाई, डोक्यावर दाट केस. लोक हसले, पण वेवाईला नव्हे. कोणीतरी म्हणालं, बघा, उजीबेनना आता माणसंही ओळखू येत नाहीत. त्या ताट ठेवून उठल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “सबनीसभाई, मी कशावर बोट ठेवलं ते मला वाचून दाखवा.”

एकतीस पानांच्या अटी होत्या. मला दोन दिवस लागले. चौदाव्या कलमात पहिल्या ओळीत लिहिलं होतं की गाण्यांची मालकी तुमचीच राहील. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की ती गाणी वापरायची, बदलायची आणि तिसऱ्याला द्यायची कायमची, परत न घेता येणारी, जगभरची परवानगी तुम्ही कंपनीला देत आहात. एकविसाव्यात होतं की कंपनी अटी केव्हाही बदलू शकते, आणि त्यानंतर एकदा जरी ॲप उघडलं तरी नव्या अटी तुम्हाला मान्य. बदललेल्या अटींत गाण्यांच्या नोंदणीचा हक्कही कंपनीकडे गेला होता, आणि कंपनीने त्या जोरावर सगळी गाणी अमदाबादच्या एका ध्वनिमुद्रण कंपनीला देऊन टाकली होती. तक्रार असेल तर बंगळूरच्या लवादाकडे. मी सगळं क्रमाने समजावलं.

“म्हणजे घर माझंच,” उजीबेन शेवटी म्हणाल्या. “राहायचं त्यांनी, भाड्याने द्यायचं त्यांनी, आणि मी उंबरा ओलांडला तर चोर.”

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

त्या राजकोटला जाऊन आल्या. मालक किरीटभाई वघासिया यांनी त्यांना अडीच तास बसवलं, मग चहा पाजला, मासी मासी, म्हणजे मावशी मावशी, म्हणत गोड बोलले. उजीबेननी एवढंच मागितलं की हस्तमेळापाचं गाणं परत द्या, बाकीची ठेवा. किरीटभाईंचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा हलला नाही.

“मासी, आवाज तुमचा, गाणं आमचं. तुम्ही गा ना, कोण अडवतंय? फक्त कॅमेऱ्यासमोर नको. तुमच्यासारख्या हजार मासी पडल्यात आमच्याकडे.”

मी वकिलाचं नाव सुचवलं, ग्राहक मंचाचा अर्ज लिहून द्यायची तयारी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कागदावरची लढाई त्यांची आहे, भाई, तिथे मी हरणारच. मग त्या पौष महिनाभर दाणे निवडत राहिल्या. गल्लीतल्या बायकांना वाटलं, उजी थंड झाली. मला तसं वाटलं नाही. थंड झालेली माणसं शेजाऱ्याकडे काही मागत नाहीत, आणि त्या मला रोज एकच विचारत: त्या वघासियाच्या घरची काही बातमी?

बातमी आली ती उजीबेनच्या मैत्रिणीकडून, मागच्या गल्लीतल्या जमकुबांकडून. त्यांची नात हेतल हिचं लग्न ठरलं, आणि मुलगा किरीटभाईंचा थोरला, मीत. लग्न माघ महिन्यात, उपलेट्यात. जमकुबांनी कोणाला न विचारता उजीबेनना गायला सांगितलं. किरीटभाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला की आम्ही अमदाबादहून नावाजलेल्या गायिका आणतो. जमकुबांनी उलट निरोप दिला की आमच्या दारात कोण गाणार ते वेवाईने ठरवायची पद्धत तुमच्याकडे केव्हापासून सुरू झाली. किरीटभाईंनी अमदाबादचा बेत सोडला.

लग्नाच्या चार दिवस आधी उजीबेननी मला एकच प्रश्न विचारला. गाणं पकडून प्रक्षेपण बंद पाडणारं ते यंत्र मला शब्दांवरून ओळखतं की चालीवरून? मी चौकशी करून सांगितलं: चालीवरून. त्यांनी मान हलवली.

“शारदाही बघणार आहे,” मी म्हणालो. हेतल तिच्या हाताखाली वाढलेली, पण लग्नाला लेस्टरहून येणं तिला जमत नव्हतं, ती फोनवरूनच बघणार होती.

“मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

किरीटभाईंनी मुलाच्या लग्नाची जाहिरातच केली होती. ‘लगनसूर’वरूनच थेट प्रक्षेपण, धंद्यातले लोक, पैसे गुंतवणारे, सगळ्यांना आमंत्रण. मांडवात तीन कॅमेरे. वरात दारात आली. उजीबेन पुढे, मागे पंधरा बायका. चाल कोरी होती, आधी कुणी न ऐकलेली, त्यामुळे यंत्राला काही कळलं नाही आणि शब्द न् शब्द जगभर गेला. मी जमेल तसं मराठीत देतो:

राजकोटचे वेवाई आले, हात त्यांचे लांब,
माझ्या विहिरीवर बसून मलाच म्हणती थांब.
घागर माझी, दोरी माझी, ओंजळ धरता चोर;
असला वेवाई मिळायला गं नशीब लागतं थोर.

अशी अकरा कडवी. मेहुलचे पेढे, अडीच तासांची बैठक, हजार मासी, सगळं नावानिशी. किरीटभाई हसत उभे होते. पाचव्या कडव्यानंतर ते हसू कोणीतरी चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं झालं. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली तेव्हा मात्र ते खाली बघू लागले. एवढ्यावर उजीबेन थांबल्या असत्या तरी गाव वर्षभर हसलं असतं.

पण मग हस्तमेळापाची घटिका आली. लग्न लावणाऱ्या गोरमहाराजांनी हेतलचा हात मीतच्या हातात दिला आणि उजीबेननी शारदाच्या लग्नातलं गाणं सुरू केलं. अगदी हळू, शुद्ध, एकही टोमणा नाही. दुसऱ्या ओळीला तिन्ही कॅमेऱ्यांचं प्रक्षेपण बंद पडलं. फोनच्या पडद्यांवर काळ्यावर पांढरी अक्षरं आली: या गीताचे हक्क दुसऱ्याकडे असल्याने हे लग्न दाखवता येत नाही.

किरीटभाई मांडवातून उठले. राजकोटच्या कचेरीत त्यांनी तीन फोन केले. तिथल्या मुलीने सांगितलं की गाणं आता आपलं नाही, अमदाबादवाल्यांचं आहे, आणि करारात लिहिलंय की बंदी आपल्याला उठवता येत नाही. हे त्यांनी फोन कानापासून लांब धरून ऐकलं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीही ऐकलं. मग ते बायकांच्या गोटात आले आणि उजीबेनसमोर हात जोडून उभे राहिले.

“मासी, दुसरं कुठलंही गाणं म्हणा. दोन हजार माणसं बघतायत.”

उजीबेननी कडवं पुरं केलं. मग म्हणाल्या, “मी कॅमेऱ्यासमोर गात नाही, किरीटभाई. मी मुलीसमोर गातेय. कॅमेरा तुम्ही आणलात.” आणि पुढचं कडवं घेतलं. उरलेली सगळी घेतली, धीम्या लयीत, एकेका ओळीला दोनदा वळवून. प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते.

संध्याकाळी शारदाचा फोन आला. ती रडत होती, हेतलचा हात देतानाचं काहीच दिसलं नाही म्हणाली. उजीबेननी तिला समजावलं नाही, माफीही मागितली नाही. “तुझ्या वाटणीचं होतं ते मी जाणूनबुजून हिरावलं,” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचा सूड पुरा झाला होता आणि त्यात त्यांची स्वतःची मुलगीही भरडली गेली होती, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

गाणी काही परत आली नाहीत, चौदावं कलम तसंच आहे. पण होळीनंतर भायावदरहून तोच काका बोलवायला आला, ओरडून गेलेला, धाकट्या मुलीच्या लग्नासाठी. व्हिडिओवाल्याचं काय, असं उजीबेननी विचारलं. तो म्हणाला, तुम्ही गाल तेव्हा कॅमेरे बंद ठेवू, ज्याला ऐकायचं तो येईल. उजीबेननी त्याला तासभर उभं ठेवलं, मग वेवाईचं नाव, गाव आणि धंदा विचारून घेतला.